मामू, हे पिस्तूल घेऊ का?

आपाचा थोरला मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात हजर. हातात मोबाईल, त्यावर काळ्याभोर पिस्तुलाचं चित्र. "मामू, हे घेऊ का? दोन ईदींचे पैसे साठवलेत. खरं नाहीये, रंगाच्या गोळ्यांचं आहे. अम्मी म्हणाली, मामू-मामींना विचार, ते हो म्हणाले तर घे."

आपाने मोठ्या खुबीने चेंडू आमच्या अंगणात टाकला होता. नाही म्हणणं सोपं होतं. पण न पाहिलेल्या वस्तूला नाही म्हटलं की मुलं ती लपून पाहतात, हा आमचा अनुभव. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, आधी ते हातात घेऊन बघू. घाटातल्या एका पेंटबॉल मैदानावर फोन केला. तिथे लांब नळीची यंत्रं भाड्याने मिळतात. एक पिस्तूलही आहे म्हणाले. रविवारी फजरनंतर निघालो. भाचा, आमचा बारा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघे. पिस्तूल कोणत्या कंपनीचं, हे इथे मुद्दाम सांगत नाही. जे सांगणार आहोत ते या जातीच्या बहुतेक पिस्तुलांना लागू पडेल असंच आहे.

गंमत अशी, की या खेळाची सुरुवातच पिस्तुलाने झाली. अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीला जंगलात तोडायची झाडं आणि कळपातली जनावरं लांबून रंगाने खुणावायची सोय हवी होती. औषधाच्या कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीने जिलेटिनच्या गोळीत रंग भरून दिला. त्यासाठी डेझी या छऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडून आलेलं ‘नेलस्पॉट ००७’ हे पिस्तूल वनखात्याची माणसं आणि गुराखी वापरू लागले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी तेच घेऊन पहिला सामना खेळला. जिंकला एक वनरक्षक, आणि तोही एकही गोळी न झाडता, गुपचूप झेंडे गोळा करून! भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता आमच्या हातातलं पिस्तूल. वजन किलोला थोडं कमी. चित्रात पाहून वाटतं त्यापेक्षा ते बरंच जाडजूड आहे, आणि त्याचं कारण गोळीत आहे. नेहमीची पेंटबॉलची गोळी .६८ कॅलिबरची, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर व्यासाची. मोठ्या बोराएवढी म्हणा. अशा सात गोळ्यांची मॅगझिन मुठीच्या आत बसवायची तर मूठ जाड होणारच. भाच्याच्या पंजात ती नीट बसली. आमच्या मुलाला दोन्ही हात लावूनही घोड्यापर्यंत बोट पोचवायला मूठ फिरवावी लागली, आणि मूठ फिरली की नेम गेला. मुलीच्या हातात आम्ही ते दिलंच नाही. लहान मुलांसाठी .५० कॅलिबरची हलकी गोळी आणि स्प्रिंगवर चालणारी यंत्रं असतात, तिच्यासाठी तीच बरी.

गोळी सुटते कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने. बारा ग्रॅमची छोटी नळकांडी नळीखाली बसते आणि आतली सुई तिचं तोंड फोडते. मैदानावरच्या मुलाने बसवण्याआधी तिच्या तोंडावर तेलाचा एक थेंब सोडला. त्याने आतली रबरी कडी कोरडी पडत नाही. हे काम पाहायला आवडलं, पण यातच पिस्तुलाचा खरा खर्च लपला आहे. एका नळकांडीत आमच्या वीस-बावीस गोळ्या झाल्या. एकदा फोडलेली नळकांडी उद्यासाठी ठेवता येत नाही. गॅस झिरपत राहतो आणि आतल्या कड्यांवर रात्रभर दाब राहिला तर त्याही खराब होतात. म्हणजे तासभर खेळायचं तर खिशात मूठभर नळकांड्या हव्यात. भाच्याने पिस्तुलाची किंमत पाहिली होती, हे गणित केलं नव्हतं. आम्ही त्याच्याकडूनच कागदावर मांडून घेतलं. दोन ईदींत पिस्तूल येईल, पण ते चालवायला आणखी किती ईदी लागतील हे त्याचं त्यालाच दिसलं.

मैदानावर वेग मोजायचं एक यंत्र असतं, त्याला क्रोनो म्हणतात. बहुतेक ठिकाणी गोळीचा वेग सेकंदाला २८० ते ३०० फुटांच्या वर जाऊ देत नाहीत. २८० फूट म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या दुप्पट. गोळी तीन ग्रॅमची, म्हणून अंगावर फक्त निळा-लाल वळ उठतो. डोळ्यावर मात्र तीच गोळी डोळा घेऊन जाऊ शकते.

आमच्या पिस्तुलाने सकाळी पहिली गोळी २७६ दाखवली. सावकाश, मध्ये दम घेत झाडल्या तर आकडा फारसा हलला नाही. मग भाच्याने दोन मॅगझिन धडाधड रिकाम्या केल्या. शेवटच्या गोळ्या २३० च्या खाली उतरल्या आणि नळकांडीवर पांढरं दव जमलं. आतला द्रवरूप गॅस वायू होताना थंड होतो, थंड झाला की दाब पडतो, दाब पडला की गोळी मरगळते. उलटही तितकंच खरं. दुपारी अकराच्या उन्हात नवी नळकांडी लावून पुन्हा मोजलं तर पहिलीच गोळी ३०४! कोणीही स्क्रू हलवला नव्हता, फक्त ऊन चढलं होतं. चालकांनी तिथल्या तिथे वेग कमी करून दिला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये सकाळचं एक मोजमाप दिवसभर पुरत नाही. तुम्ही मुलांना घेऊन गेलात तर दुपारी पुन्हा मोजायला लावा, संकोच करू नका.

नेमाचं म्हणाल तर दहा मीटरवर पत्र्याच्या थाळीवर दहापैकी आठ लागल्या. वीस मीटरवर तीन. त्यापलीकडे मजा संपते. गोल गोळी, नळीत तिला फिरकी मिळत नाही, वाऱ्याने ती डोळ्यादेखत वळते. लांब नळीच्या यंत्रापेक्षा एक गोष्ट मात्र आम्हाला पिस्तुलात बरी वाटली. हात लांब करून धरायचं असल्याने तोंडभर मास्क घालूनही नेम दिसतो. लांब यंत्राचा दस्ता खांद्याला लावला की मास्क मध्ये येतो. धक्का अगदी थोडा. आवाज फटाक्याचा नव्हे, टाळीचा.

गोळ्यांचं कवच जिलेटिनचं, म्हणून हवेचा त्यांच्यावर फार परिणाम होतो. चालकांनी मागच्या पावसाळ्यातला उघडा राहिलेला डबा दाखवला. गोळ्या फुगून मऊ झाल्या होत्या, काही बटाट्यासारख्या वेड्यावाकड्या. अशी गोळी नळीत अडकते किंवा तिथेच फुटते. आमचीही एक ताजी गोळी नळीत फुटलीच. मग पुढच्या चार गोळ्या कुठे गेल्या ते अल्लाहच जाणे. नळीतून फडक्याची दांडी फिरवून सगळं पुसलं तेव्हा काम सुरळीत झालं. रत्नागिरी-रायगडकडच्या आमच्या वाचकांनी घरी गोळ्या साठवण्याचा विचारच सोडावा.

जिलेटिनवरून मामींच्या मनात जो प्रश्न आला तो तुमच्याही आला असेल. हे जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, आणि त्यात डुकराचंही असतं, गुराचंही. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं, चालकांनाही ठाऊक नव्हतं. खाण्याची वस्तू नाही हे खरं, पण गोळी कपड्यांवर फुटते. आतला रंग पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा, पाण्याने सहज निघतो. आम्ही जुहरआधी सगळ्यांचे कपडे बदलले, हातपाय धुतले आणि प्रश्न आपल्या मौलानांसाठी राखून ठेवला. तुम्ही तुमच्या आलिमांना विचारा; विकत घेत असाल तर विक्रेत्याकडून जिलेटिन कशाचं ते लेखी मागा.

आता तो प्रसंग, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

खेळ संपला. जाळीबाहेर बाकावर आम्ही मास्क काढून पाणी पीत होतो. भाच्याने शहाण्यासारखी मॅगझिन काढून बाजूला ठेवली आणि पिस्तूल नीट पाहायला हातात घेतलं. नळीच्या तोंडावरचं कापडी टोपण त्याने तेवढ्यापुरतं काढलं होतं. मॅगझिन नाही म्हणजे रिकामं, असं तो समजला. आम्हीही तेच समजलो. त्याने घोडा दाबला. गोळी मामींच्या चपलेच्या पट्ट्यावर फुटली आणि नारिंगी रंग ओढणीपर्यंत उडाला. मुलगी तिथेच, दोन हातांवर, खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. तिचा चेहरा चपलेच्या उंचीवर होता.

काही क्षण कोणी बोललं नाही. भाच्याच्या हाताला कापरं भरलं. मॅगझिन काढली तरी एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली राहते आणि नळकांडीत गॅस असतोच. म्हणून आधी मॅगझिन काढायची, मग मास्क तोंडावर असतानाच सुरक्षित दिशेला घोडा दाबून घर रिकामं करायचं, मग टोपण, मग गॅस संपवून नळकांडी, आणि सगळ्यात शेवटी मास्क. आम्ही बाहेर येईपर्यंत हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. चूक एकट्या मुलाची म्हणता येणार नाही.

मास्कबद्दलही एक. धाप लागली की आतून वाफ धरते आणि मुलं पटकन तो वर सरकवतात. आमच्या मुलानेही मैदानात तेच केलं. पंचाने शिटी वाजवून खेळ थांबवला म्हणून निभावलं. दुहेरी काचेचा मास्क असेल तर वाफ कमी धरते. साधा चष्मा किंवा मोटारसायकलचा गॉगल चालत नाही. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ १७७६ असं मानक आहे, मास्कवर ते छापलेलं शोधा.

परतीच्या वाटेवर भाच्याने फोन काढला. पिस्तूल धरलेला त्याचा एक झकास फोटो होता, स्टेटसला टाकायच्या तयारीत. "खालून कोणी वाचणार नाही की हे रंगाचं आहे," मामी म्हणाल्या. "मामी, मित्रांना माहीत आहे." "मित्रांचे मित्र? आणि त्यांचे?" तो गप्प बसला. वस्तू लांबून हुबेहूब खऱ्यासारखी दिसते. आपल्या पोराच्या हातात ती पाहून कोण काय समजेल, पुढे कोणत्या मथळ्याखाली तो फोटो फिरेल, हे आपल्या वाचकांना फोडून सांगायला नको. याच कारणाने ते गच्चीवर, गल्लीत, सोसायटीच्या आवारात बाहेर काढायचं नाही. आखातातून येणाऱ्या चाचांनाही ‘येताना एक आणा’ म्हणून सांगू नका. असली वस्तू विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, आणि कस्टमच्या रांगेत जबाब त्यांना द्यावे लागतील. इथे घ्यायचंच ठरलं तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा आणि पक्कं बिल घ्या.

भाच्याने फोटो पुसला नाही, पण टाकलाही नाही.

रात्री आपाचा फोन आला. आम्ही सगळं सांगितलं, चपलेसकट. वर्षात दोन-तीनदा, मैदानावर, मोठ्यांसोबत, भाड्याच्या यंत्रांनी त्याने जरूर खेळावं. घरात पिस्तूल नको. आपा म्हणाली, "हे तुम्हीच त्याला सांगा." सांगायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज आला. दुहेरी काचेच्या मास्कचं चित्र, आणि खाली एकच प्रश्न: "मामू, हा धाकटीच्या मापाचाही मिळतो का?"