छावणी उठली, माणसे कोठे गेली?

जुलै २०२२ मध्ये गोदावरी व प्राणहिता फुगल्या आणि सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या अनेक कुटुंबांना घरे सोडून निवाऱ्यास जावे लागले. पुढे वाद झाला तो मेडीगड्डा धरणाच्या फुगवट्याचा, आणि तो व्हावयास हवाच होता. पण पूर ओसरल्यावर निवाऱ्यातील माणसे गेली कोठे, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

आपल्याकडे माणूस निवाऱ्यात शिरताना मोजला जातो, कारण त्याच्या जेवणाचा खर्च दाखवावयाचा असतो. तो बाहेर पडला की हिशेब मिटतो. परंतु स्वतःच्या घरी परतणे, पडक्या भिंतीलगत ताडपत्री ताणणे, नातलगाच्या ओसरीवर दिवस काढणे, आणि शेत खरडून गेल्यामुळे पुढे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात निघून जाणे, या साऱ्यांस 'परतले' हा एकच शेरा कसा पुरावा? यांतील शेवटच्या माणसाचे नाव तर पंचनाम्यातूनही गळण्याचा धोका असतो. (तेलुगूभाषक कुटुंबांची नावे मराठी यादीत उतरताना कशी बदलतात, तो आणखी निराळा विषय.)

उपाय खर्चिक नाही. निघताना 'कोठे जाणार' असा एक रकाना भरावा आणि तीच यादी घेऊन तलाठी व पोलीस पाटील यांनी पुन्हा एक फेरी मारावी. मात्र ती डिसेंबरपूर्वी व्हावी. त्यानंतर माणसे मिरचीच्या शेतांकडे निघालेली असतात.