सवलत मालकाच्या नावाला, अपील पैसेवाल्याला

दिल्लीतील घरपट्टीचा वाद मुळात भाडे नियंत्रण कायद्याच्या पोटी जन्मला. पूर्वी घराचे करपात्र मूल्य त्याच्या अपेक्षित भाड्यावरून ठरे. हे मूल्य प्रमाण भाड्याहून अधिक असू शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये दिवाण दौलतराय कपूर खटल्यात दिला. परिणामी जुन्या प्रशस्त कोठीला नाममात्र कर आणि नव्या छोट्या सदनिकेला जबर कर, अशी विसंगती रुजली. निरीक्षकाच्या मर्जीलाही त्यात भरपूर वाव होता.

1 एप्रिल 2004 पासून महापालिकेने एकक क्षेत्र पद्धत स्वीकारली. वसाहतींचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ गट पडले आणि कराचा हिशेब मांडण्याचे काम मालकाकडेच आले. ‘सी’ गटासाठी ठरलेला दर चौरस मीटरला 400 रुपये. तेथील 1985 सालच्या 100 चौरस मीटरच्या सदनिकेला वयाचा 0.8 हा गुणक लावला, की वार्षिक मूल्य 32 हजार रुपये होते. अर्थात मालक स्वतः राहत असेल तर. घर भाड्याने दिले, की हाच आकडा 64 हजारांवर जातो.

बदलीच्या नोकरीतील मराठी अधिकाऱ्याला खरी मेख इथे जाणवते. सरकारी निवासस्थानात असेपर्यंत घरपट्टीशी त्याचा संबंध येत नाही; केंद्राच्या मालमत्तेला राज्यघटनेच्या 285 व्या अनुच्छेदाचे कवच आहे. निवृत्तीच्या सोयीसाठी घेतलेली सदनिका मात्र भाडेकरू येताच दुप्पट मूल्याची ठरते. पुढे तो स्वतः राहायला आला, तरी हा बदल विवरणपत्रात त्यालाच दाखवावा लागतो.

ज्येष्ठ नागरिक, महिला, अपंग आणि माजी सैनिक यांना स्वतः राहत असलेल्या एका घरावर, 200 चौरस मीटर क्षेत्रापर्यंत, 30 टक्के सूट आहे. परंतु ती मालकीच्या नोंदीला जोडलेली आहे. पतीच्या निधनानंतर नामांतर राहून गेलेल्या विधवेला तिच्यावर हक्क सांगणे कठीण जाते. सहमालकी असेल, तर सूटही हिश्श्यापुरतीच मिळते.

आकारणीच चुकली असेल तर? कायद्यात अपिलाची तरतूद आहे, पण वादग्रस्त रक्कम आधी भरल्याखेरीज सुनावणी नाही. श्यामकिशोर खटल्यात 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली. तेव्हा ज्याला कर परवडत नाही, त्याला त्याविरुद्धची दादही परवडत नाही. याउलट नवी दिल्ली नगरपालिकेने 2009 मध्ये आणलेली एकक क्षेत्र पद्धत तेथील मालमत्ताधारकांनी थेट घटनात्मक न्यायालयांत नेली. मूळ कायद्यात तिला आधार नाही, म्हणून जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. ल्युटेन्स दिल्लीला वकिलांची वानवा कधीच नव्हती!

मुंबईत उद्धव ठाकरे सरकारने जानेवारी 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय घेतला. त्यात निवडणुकीचा हिशेब होताच, पण कसोटी घराच्या आकाराची होती. दिल्लीने मालक कोण, हे पाहिले आणि क्षेत्राची मर्यादा मुंबईच्या चौपटीहून मोठी ठेवली. त्यामुळे ‘ए’ गटातील 200 चौरस मीटरचे घर पत्नीच्या नावावर असेल, तर 30 टक्के सूट मिळते; ‘एच’ गटातील 30 चौरस मीटरच्या घराचा पन्नाशीतला धडधाकट मालक या सवलतीच्या यादीत कोठेच बसत नाही.