आवक, जावक आणि पोच

येलदरीचं धरण परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात आहे. पूर्णा नदीवरचं हे धरण 1968 साली पूर्ण झालं. पण ते सांभाळणाऱ्या पूर्णा पाटबंधारे विभागाचं कार्यालय जिंतुरातही नाही आणि परभणीतही नाही, ते शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात वसमतला आहे. धरणाच्या पायथ्याचं 22.5 मेगावॅटचं वीजघर महानिर्मितीचं. गावातली नाली आणि अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा. म्हणजे धरणाजवळ राहणाऱ्या माणसाच्या तीन तक्रारी असतील तर त्यांचे पत्तेही तीन. आपण मात्र तिन्ही एकाच कागदावर लिहितो, खाली पंचवीस सह्या घेतो, तहसीलदारांच्या हातात निवेदन देतानाचा फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी तो व्हॉट्सॲपवर फिरतो. काम तिथेच थांबतं, कारण तहसीलदारांकडे त्या तिन्हीपैकी एकाही कामाची फाईल नसते.

सरकारी पैशातून होणाऱ्या कामाबद्दल सरकारशी बोलायचं म्हणजे फाईल आज कुणाच्या टेबलावर आहे ते आधी शोधायचं. हे अवघड नाही, फक्त क्रम माहीत हवा. उदाहरणाला आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ, गावाचा रस्ता.

पहिला प्रश्न, रस्ता कुणाचा? कागदावर प्रत्येक रस्त्याला वर्ग असतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. बोलताना लोक ‘ग्रा.मा.’, ‘इजिमा’, ‘प्रजिमा’ असंच म्हणतात आणि त्याला क्रमांकही असतो. हा क्रमांक ग्रामसेवकाकडून किंवा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातून मिळतो. दुसरा प्रश्न, पैसा कुठला? ‘तीस-चोपन्न’ म्हणजे लेखाशीर्ष 3054, रस्ते-पुलांच्या देखभाल-दुरुस्तीचं. ‘पन्नास-चोपन्न’ म्हणजे 5054, भांडवली कामांचं. ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे ग्रामविकास खात्याचं. याशिवाय जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी, वित्त आयोगाचा निधी आणि 2000 सालापासूनची पंतप्रधान ग्रामसडक योजना. रस्ता एकच असला तरी पैसा कुठून आला त्यावर उत्तर देणारा अधिकारी बदलतो. गावातला जाणता माणूस ठेकेदाराचं नाव नंतर विचारतो, आधी लेखाशीर्ष विचारतो.

आता कामाचा प्रवास. गावाची मागणी ग्रामसभेच्या ठरावातून पुढे जावी, ही कायद्याची अपेक्षा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही फट कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच पहिल्या सभेला दहा माणसं असतात आणि दुसऱ्या सभेत वर्षभराचा आराखडा मंजूर झालेला असतो. ठराव प्रोसिडिंग बुकात जातो, त्याला क्रमांक पडतो, सूचक-अनुमोदकाची नावं येतात. पुढच्या प्रत्येक पत्रात संदर्भ म्हणून हाच क्रमांक लागतो. ‘आम्ही ग्रामसभेत बोललो होतो’ याला पुढे कुणी विचारत नाही. ‘ठराव क्र. अमुक, दिनांक अमुक’ असं लिहिलं की विचारावं लागतं.

ठरावानंतर अंदाजपत्रक. कनिष्ठ किंवा शाखा अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि दरसूचीप्रमाणे आकडे मांडतो. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करायला आणि एवढा खर्च करायला हरकत नाही, असा निर्णय. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे काम असंच होईल, हा अभियंत्याचा शब्द. मग निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि देयक.

या सगळ्यात गावकऱ्यानं बोलण्याची सर्वांत मोलाची वेळ अंदाजपत्रकाच्या आधीची असते, आणि नेमकं तेव्हाच गावात कुणी काही बोलत नाही. जिंतूर तालुक्यात एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे काळीभोर जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा पुरेसा थर न घालता डांबर टाकलं तर दोन पावसांत रस्ता लाटांसारखा होतो. ओढ्याचं पाणी रस्त्यावरून कुठे वाहतं, मोरी कुठे हवी, हे त्या वाटेनं बैलगाडी नेणाऱ्याला अभियंत्यापेक्षा जास्त कळतं. ‘अमुक शेताजवळ पावसाळ्यात कमरेएवढं पाणी येतं, तिथे मोरी घ्यावी’ एवढ्या दोन ओळी अंदाजपत्रकाआधी उपअभियंत्याकडे लेखी गेल्या तर त्या आकड्यात बसू शकतात. कार्यारंभ आदेश निघाल्यावर हीच मागणी ‘वाढीव काम’ ठरते. मग सुधारित मान्यता लागते आणि सगळी फाईल पुन्हा मागे फिरते.

पत्र कसं लिहायचं, हेही जरा जवळून पाहू. नेहमीचं निवेदन असं असतं: ‘विषय: रस्त्याच्या दुरवस्थेबाबत. वरील विषयी सविनय सादर करण्यात येते की, आमच्या गावाचा रस्ता अत्यंत खराब झाला असून रुग्ण, विद्यार्थी व शेतकरी यांची प्रचंड गैरसोय होत आहे. तरी तात्काळ कार्यवाही करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.’ यात कामाचा शब्द एकही नाही. कुठला रस्ता, कुठल्या योजनेतला, कितव्या किलोमीटरला काय झालं, काहीच नाही. लिपिकाच्या हातून हे पत्र ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन पुढच्या टेबलावर सरकतं, कारण त्यावर दुसरं काही लिहिण्यासारखं नसतंच.

आता हे पाहा: ‘विषय: ग्रा.मा. क्र. अमुक, कि.मी. 0/600 ते 0/900 मधील साईडपट्टी न भरल्याबाबत. संदर्भ: 1) कार्यारंभ आदेश क्र. व दिनांक, 2) आमचा अर्ज, आवक क्र. व दिनांक.’ खाली चार-पाच ओळी: काय ठरलं होतं, काय झालं, फोटो जोडला आहे, काय केलेलं हवं आणि उत्तर कुठे पाठवायचं. एका पत्रात एकच विषय. पाणीपुरवठ्याची टाकी, शाळेची भिंत आणि रस्ता एकत्र घातले तर शाखा ‘विषय आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं लिहून मोकळी होते, आणि तेही खरंच असतं.

पत्राच्या दोन प्रती न्यायच्या. आवक टेबलावर एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. नुसता शिक्का म्हणजे अर्धी पोच, क्रमांकाशिवाय तो कागद नंतर सापडत नाही. आवक नोंदवहीतून तो डाक पॅडमध्ये जातो, साहेब त्यावर शाखेचं नाव ‘मार्क’ करतात, शाखेतला लिपिक टिपणी लिहितो, ती वर चढते, सही होऊन खाली उतरते आणि उत्तराला जावक क्रमांक पडतो. हातात उत्तर आलं की पहिल्यांदा हा ‘जा.क्र.’ पाहायचा. पुढच्या पत्रात तोच संदर्भ.

‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ या ओळीचं आपल्याला भारी वेड. मुख्यमंत्री, पालकमंत्री, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, झाडून सगळे. त्यानं पत्राला वजन येतं असं वाटतं. प्रत्यक्षात मंत्रालयात गेलेली प्रत पायऱ्या उतरत त्याच कार्यकारी अभियंत्याकडे येते, मधले आठवडे फुकट जातात. मूळ पत्र फाईल असलेल्या कार्यालयाला आणि एक प्रत त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला, एवढं सुरुवातीला पुरतं.

उत्तर आलंच नाही तर? महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे, लोक त्याला ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. बदल्यांचा आणि विलंबाचा असा तो जोडकायदा. त्याच्या कलम 10 प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्यानं फाईल आपल्या पातळीवर कामाच्या सात दिवसांहून जास्त ठेवू नये. दुसऱ्या खात्याकडे पाठवावी लागत नसेल तर 45 दिवसांत आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत तिचा निर्णय व्हावा. स्मरणपत्रात या कलमाचा उल्लेख एका ओळीत करावा, धमकीच्या सुरात नको. महिन्याच्या पहिल्या सोमवारी परभणीला जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो. तिथेही विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि सोबत तुमच्या जुन्या पत्रांच्या पोच असल्या तरच बोलणं पुढे सरकतं.

आता दुसरी बाजू, सरकारनं लोकांना सांगण्याची. पूर्णेला पूर आला आणि येलदरीचे दरवाजे उघडायचे झाले की निरोप कसा धावतो पाहा. धरणावरून विभागाला, तिथून परभणी आणि हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना, तहसीलदारांना, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल आणि शेवटी नदीकाठच्या गावात ध्वनिक्षेपक. किती क्युसेक, किती वाजता, कुठल्या गावांनी काय करायचं, सगळं काही तासांत पोचतं. याच यंत्रणेला रस्त्याचा ठेका कुणाला, कितीला, कधीपर्यंत, हे गावात सांगायला मात्र वर्ष पुरत नाही. सांगण्याची सक्ती आहे, पण सांगितलं नाही म्हणून कुणाचं घर वाहून जात नाही.

सक्ती कुठे कुठे आहे ते पाहू. जमीन संपादित करायची असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन वृत्तपत्रांत आणि ग्रामपंचायतीत प्रसिद्ध व्हावी लागते, आणि हरकतीला 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गासाठी वेगळा कायदा, तिथे 21 च दिवस. पेपरातलं बारीक टायपातलं ‘जाहीर प्रकटन’ आपण उलटून पुढे जातो. त्यात गट नंबर असतो. तेवढा एक कॉलम वाचायची सवय लावलेली बरी. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्चाची व्हाउचरं ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही दिसतात, त्यासाठी अर्जही लागत नाही. आणि कामाच्या जागी फलक लागतो: योजना, लांबी, किंमत, ठेकेदार, सुरू आणि पूर्ण करण्याची तारीख. तो लागला की त्याचा लगेच फोटो काढून ठेवावा. पहिल्या वादळात फलक पडतो आणि पुन्हा उभा राहत नाही.

एवढं करूनही माहिती मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला 30 दिवस. ‘काम निकृष्ट का झाले?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर कागदपत्रात नसतं, आणि जे कागदावर आहे तेवढंच कार्यालय देतं. मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि अदा केलेली देयकं, यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्या कार्यालयावर बंधनकारक आहे. कायद्याच्या कलम 2 मध्ये तर कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. हा हक्क फारसं कुणी वापरत नाही.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे ‘एमबी’, वाचायला भीती वाटते, पण ती चौथीच्या गणिताएवढी सोपी आहे. संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी परिमाण. नोंद शाईनं करायची, चूक झाली तर खोडरबर नाही, रेघ मारून शेजारी सही. गावाचा रस्ता बहुधा 3 किंवा 3.75 मीटर रुंदीचा असतो. पुस्तिकेत 3.75 लिहिलं असेल तर टेप घेऊन चार ठिकाणी रुंदी मोजायची आणि चारही आकडे किलोमीटरसह पत्रात लिहायचे. असं पत्र ‘मार्क’ करताना साहेब शेरा लिहायच्या आधी पुस्तिका मागवतात.

शेवटची तारीख दोषदायित्व कालावधीची. काम पूर्ण झाल्यावर ठरलेल्या काळात जे उखडेल ते ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं असतं. ग्रामसडक योजनेत तर पाच वर्षांची देखभाल त्याच्याच करारात असते. तोवर त्याची सुरक्षा अनामत कार्यालयाकडे अडकलेली असते. म्हणून खड्ड्यांचं पत्र ती तारीख उलटण्याआधी, फोटो आणि किलोमीटरसह, कार्यकारी अभियंत्याच्या आवकला पडलं पाहिजे. अनामत सुटल्यावर दिलेल्या पत्राला एकच उत्तर येतं: ‘निधी उपलब्ध होताच कार्यवाही करण्यात येईल.’