ग्रीसचे कार्ड, पोर्ट्समथचा पब आणि 'इलाक्या'चा झगडा

कापडाच्या धंद्यात ज्यांनी उमर घालविली आहे त्यांना 'इलाका' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. मिल एका पार्टीला एका जिल्ह्याची एजन्सी देते. शेजारच्या जिल्ह्यातील एजंटाकडे तोच ताका मीटरमागे दोन रुपये स्वस्त मिळत असला, तरी किरकोळ दुकानदाराने तेथून माल उचलू नये असा दंडक असतो. कोणी उचललाच तर आपला एजंट मिलकडे तक्रार करतो, आणि शेजारच्या एजंटाला तंबी मिळते. दुकानदाराचा प्रश्न मात्र साधा असतो. मी रोख पैसे मोजले, माल अस्सल आहे, विकणारा मिलचाच माणूस आहे. मग यात चोरी कोठे झाली?

नेमका हाच प्रश्न युरोपियन युनियनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि तो नेला इंग्लंडमधील एका पबवाल्या बाईने. पब म्हणजे दारूचा गुत्ता. त्या धंद्याशी आपल्याला काही घेणेदेणे नाही आणि त्याची तरफदारीही येथे करावयाची नाही. परंतु ज्या मुद्द्यावर हा मुकदमा लढला गेला तो कापड, प्रिंटर, घड्याळे, अत्तरे असा कोणताही ब्रँडचा माल विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराचा आहे. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ हे बंदर आहे. तेथील साउथसी भागात कॅरन मर्फी 'रेड, व्हाइट अँड ब्लू' नावाचा पब चालवीत होत्या. तिकडे शनिवार-रविवारी गिऱ्हाईक पबमध्ये येते ते फुटबॉल पाहावयास. ज्या पबमध्ये सामना लागलेला नाही, त्याची खुर्ची रिकामी राहते. सामने प्रीमियर लीगचे. ही लीग १९९२ साली सुरू झाली आणि इंग्लंडमध्ये तिचे थेट प्रक्षेपण प्रामुख्याने स्काय या कंपनीच्या हाती राहिले. स्काय घरगुती ग्राहकाला एक दर लावते आणि पबला वेगळा. पबचा दर त्या जागेच्या करपात्र मूल्यावर ठरतो, म्हणजे जागा मोठी तर बिल मोठे. त्या काळच्या बातम्यांनुसार मर्फीबाईंना स्कायसाठी महिन्याला सुमारे ७०० पौंड पडले असते. ग्रीसमधील 'नोव्हा' या सेवेचे कार्ड त्यांना वर्षाला सुमारे ८०० पौंडांत पडले. सामने तेच, खेळाडू तेच. फक्त समालोचन ग्रीक भाषेत. गिऱ्हाइकाला त्याची फिकीर नव्हती.

हे शक्य कसे होते तेही पाहू. उपग्रहाचा सिग्नल देशाची सरहद्द पाहून खाली पडत नाही. ग्रीससाठी सोडलेला सिग्नल योग्य डिश लावली तर इंग्लंडच्या छपरावरही पकडता येतो. म्हणून तो कुलूपबंद करून सोडतात, आणि कुलूप उघडण्याची किल्ली म्हणजे डिकोडर व त्यातील कार्ड. लीग प्रत्येक देशाचा हक्क वेगळा लिलाव करून एकेका कंपनीला विकत असे. करारात अट असे की आपल्या देशाबाहेर कार्ड जाऊ द्यावयाचे नाही. थोडक्यात, आपल्या मिलची एजन्सी! ग्रीसच्या बाजाराची ऐपत कमी, म्हणून तेथे भाव कमी. इंग्लंडचे गिऱ्हाईक वेडे, म्हणून तेथे भाव चढा. ही तफावत टिकवावयाची तर किल्ली सरहद्द ओलांडता कामा नये.

पबवाल्यांना परदेशी कार्डाची ओढ लागण्याचे कारण केवळ पैशाचे नव्हते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात थेट सामना दाखविण्यास बंदी आहे. लोकांनी घरी किंवा पबमध्ये न बसता मैदानावर जावे, लहान क्लबांची तिकिटे खपावीत, असा त्यामागचा हेतू. २००७ ते २०१० या करारात एका हंगामातील ३८० सामन्यांपैकी फक्त १३८ सामने इंग्लंडमध्ये थेट दिसत. ग्रीक वाहिनीवर शनिवारी तीन वाजताचा सामनाही दिसे. म्हणजे जो माल स्थानिक एजंट कोणत्याही भावाने देऊच शकत नव्हता, तो परक्या एजंटाकडे मिळत होता.

लीगच्या वतीने मर्फीबाईंवर फौजदारी खटला भरण्यात आला. इंग्लंडच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम आहे, २९७ वे. पैसे चुकविण्याच्या इराद्याने बेईमानीने प्रक्षेपण पाहणे हा त्यातील गुन्हा. बाईंचे म्हणणे असे की मी पैसे चुकविलेले नाहीत, ग्रीसच्या कंपनीला भरलेले आहेत. खालच्या न्यायालयांनी ते मानले नाही. दंड आणि खर्च मिळून सुमारे ८,००० पौंड त्यांच्या माथी बसले. एवढ्यावर बहुतेक दुकानदार हात जोडून गप्प बसला असता. त्या वर गेल्या. २००८ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने काही प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे पाठविले. त्यांच्या जोडीला कार्डे पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांवरील आणि इतर काही पबवाल्यांवरील दिवाणी दावाही होता.

निकाल लागला ४ ऑक्टोबर २०११ रोजी. न्यायालयाने सांगितले की एका सदस्य देशात कायदेशीरपणे विकलेले कार्ड दुसऱ्या सदस्य देशात आणण्यास व वापरण्यास बंदी घालणारा देशाचा कायदा हा सेवांच्या मुक्त व्यापाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. कार्ड इलाक्याबाहेर विकू नका अशी अट करारात घालणे हे स्पर्धेच्या नियमांविरुद्ध आहे. लीगचा युक्तिवाद होता की इलाका अबाधित राहिला नाही तर आमच्या मालाची पूर्ण किंमत येणार नाही. त्यावर न्यायालयाचे उत्तर प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. हक्काच्या मालकाला वाजवी मोबदला मिळालाच पाहिजे, परंतु जास्तीत जास्त जेवढा उकळता येईल तेवढा मिळण्याची हमी कायदा देत नाही. इलाका बंद ठेवल्यामुळे जो वरचा पैसा मिळतो, तो देशादेशांत भावाची कृत्रिम तफावत निर्माण करतो, आणि युरोपची एक बाजारपेठ उभारली ती अशा भिंती पाडण्यासाठीच.

शनिवारच्या बंदीचा बचावही टिकला नाही. मैदाने भरावयाची असतील तर लीगने प्रत्येक देशाच्या वाहिनीशी त्या वेळेपुरता करार करावा. कार्डावर बंदी कशाला, असे न्यायालयाने विचारल्यासारखे केले.

येथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की लहान दुकानदार जिंकला. २४ फेब्रुवारी २०१२ रोजी मर्फीबाईंची शिक्षा रद्दही झाली. परंतु निकालाच्या दुसऱ्या भागात खरी मेख आहे.

न्यायालयाने म्हटले की फुटबॉलचा सामना ही कोणाची बौद्धिक निर्मिती नव्हे. तो खेळाच्या नियमांनी बांधलेला असतो, म्हणून खुद्द सामन्यावर कॉपीराइट नाही. पण प्रक्षेपणाच्या सुरुवातीची चित्रफीत, लीगचे गीत, जुन्या सामन्यांची आधी तयार केलेली क्षणचित्रे आणि पडद्यावरील काही आकृत्या यांवर कॉपीराइट असू शकतो. पबमध्ये टीव्ही लावून त्या गोष्टी गिऱ्हाइकांना दाखविणे म्हणजे जनतेपर्यंत पोहोचविणे, आणि त्यासाठी मालकाची वेगळी इजाजत लागते. घरी सोफ्यावर बसून ग्रीक कार्डावर सामना पाहणारा मोकळा सुटला. दुकानात लावणारा अडकला. लीगला पुढचा मार्ग सापडला तो येथेच. पडद्यावर बोधचिन्ह आणि आकृत्या दिसल्या की फौजदारी नाही तर दिवाणी दावा आहेच.

यात आम्हाला स्वतःला एक गोष्ट खटकते, ती सांगितली पाहिजे. यांतील पुष्कळ कार्डे ग्रीसमधील खोटे नाव व पत्ता देऊन काढलेली असत, आणि ती घरगुती वापराच्या अटीवर दिलेली असत. न्यायालयाने म्हटले की तेवढ्याने ते उपकरण 'बेकायदा उपकरण' ठरत नाही. कायद्याच्या व्याख्येपुरते ते ठीक असेल. पण स्वस्त इलाक्यातून उघडपणे माल उचलणे वेगळे, आणि खोट्या नावाने शर्त मोडून उचलणे वेगळे. पहिल्याला आम्ही तिजारत म्हणू. दुसऱ्याला म्हणणार नाही, मग समोरचा एजंट कितीही लालची असो.

इंग्लंडच्या कायद्यात आणखी एक पळवाट होती. प्रवेशाचे पैसे न घेता लोकांना प्रक्षेपण दाखविले तर त्यातील चित्रपटाच्या हक्काचा भंग होत नाही, असे कलम ७२ सांगत होते. पबवाल्यांना त्याचा काही प्रमाणात आधार मिळाला. सरकारने जून २०१६ मध्ये त्या कलमातून चित्रपटाचा हक्क वगळला आणि ती वाटही बुजली. मग ब्रेक्झिट आले. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपच्या एकत्र बाजारपेठेबाहेर पडले, आणि ज्या मुक्त व्यापाराच्या तत्त्वावर सारा मुकदमा उभा होता ते तत्त्वच ब्रिटिश पबवाल्याच्या हातून गेले.

लीगचे काय झाले? २०११ मध्ये वर्तमानपत्रे म्हणत होती की आता टीव्हीचा पैसा कोसळणार. २०१० ते २०१३ या तीन हंगामांचा ब्रिटनमधील हक्क सुमारे १७७ कोटी पौंडांना गेला होता. निकालानंतर आठच महिन्यांनी, जून २०१२ मध्ये, पुढच्या तीन हंगामांचा हक्क ३०० कोटींहून अधिक पौंडांना विकला गेला, आणि २०१६ ते २०१९ चा ५१३ कोटींना. कारण बी.टी. ही टेलिफोन कंपनी स्कायसमोर बोली लावावयास उतरली होती. भाव ठरविला तो दोन बड्या खरेदीदारांच्या चुरशीने. पोर्ट्समथच्या छपरावरील डिशचा त्यात काही हात नव्हता.

कापडवाल्यांसाठी याच न्यायालयाचा एक जुना निकाल सांगतो, म्हणजे सरहद्दीचे महत्त्व कळेल. टेस्को ही इंग्लंडची मोठी दुकानसाखळी युरोपबाहेरून अस्सल लिव्हाइस जीन्स स्वस्तात आणून विकत होती. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको येथील माल. नकली एकही नाही. लिव्हाइसने दावा लावला, आणि २० नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने कौल दिला तो कंपनीच्या बाजूने. युरोपच्या बाहेर विकलेला माल युरोपात आणावयाचा तर ब्रँडच्या मालकाची स्पष्ट संमती हवी; तो गप्प बसला म्हणजे संमती दिली असे धरता येणार नाही. ग्रीसचे कार्ड आत होते म्हणून चालले, मेक्सिकोची जीन्स बाहेरची होती म्हणून अडली.

आपल्याकडे भिंत वेगळ्या जागी आहे. सॅमसंगचे अस्सल प्रिंटर परदेशातून आणून दिल्लीत स्वस्त विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर कंपनीने दावा केला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सांगितले की १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार जगात कोठेही कायदेशीर विकत घेतलेला अस्सल माल येथे आणून विकता येतो. मात्र दुकानात ठळकपणे लिहून लावले पाहिजे की हा माल आयात केलेला आहे, कंपनी याची वॉरंटी किंवा विक्रीनंतरची सेवा देणार नाही, आणि ती जबाबदारी विकणाऱ्या दुकानदाराने स्वतः घेतलेली आहे.