वेबसाईटची रुंदी किती ठेवायची? आधी ग्राहकाच्या हातातला फोन बघा



परवाच्या व्हिडिओत वेबसाईटच्या खर्चाबद्दल बोललो. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला, "सर, डिझायनर विचारतोय, पेजची रुंदी किती ठेवू? काय सांगू त्याला?" प्रश्न साधा वाटतो. पण याचं उत्तर चुकलं तर काय होतं, ते मी अगदी जवळून बघितलं आहे. म्हणून आधी तो किस्सा सांगतो.

आपल्या बॅचमधल्या एक ताई घरगुती मसाले आणि दिवाळीचा फराळ करतात. हाताला चव आहे, पॅकिंग चांगलं आहे, भावही रास्त. ऑगस्टमध्ये त्यांनी अठरा हजार रुपये खर्चून वेबसाईट करून घेतली. डिझायनरच्या ऑफिसात मोठ्या मॉनिटरवर ती बघितली. डावीकडे फराळाचे फोटो, मध्ये माहिती, उजवीकडे भाव आणि त्याखाली 'ऑर्डर करा'चं केशरी बटण. ताई खूश. मला लिंक पाठवली, मीही लॅपटॉपवर उघडून बघितली आणि म्हणालो, "ताई, मस्त झाली आहे. आता जोरात शेअर करा."

ताईंनी शेअर केली. लोक बघत होते, पण ऑर्डर येईना. दिवाळीला तीन आठवडे उरले, बेसन आणि तूप भरून ठेवलेलं, मदतीला दोन बायका सांगून ठेवलेल्या. शेवटी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, "अहो ताई, चकलीचे फोटो दिसतात, पण ऑर्डर कुठं द्यायची ते काही दिसत नाही!"

ताईंनी पहिल्यांदाच आपली वेबसाईट स्वतःच्या फोनवर उघडली. बटण होतं, पण स्क्रीनच्या बाहेर, उजवीकडे. बोटानं पान बाजूला सरकवलं तरच दिसायचं. आणि कोण सरकवतंय?

चूक डिझायनरची होती, तशी माझीही होती. मी लॅपटॉपवर बघून शाबासकी देऊन मोकळा झालो. ग्राहक कुठं बघणार, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

नेमकं काय झालं होतं?

पेजची रुंदी १२०० पिक्सेल अशी पक्की ठोकली होती. ताईंच्या ग्राहकांकडे बहुतेक साधे अँड्रॉइड फोन. अशा फोनवर ब्राउझर साधारण ३६० पिक्सेल रुंदी धरतो. आता हिशोब करा. १२०० पैकी ३६० म्हणजे पानाचा ३० टक्के भाग दिसला. उरलेला ७० टक्के उजवीकडे लपला, आणि धंद्याचं बटण त्याच ७० टक्क्यांत होतं.

इथं काही जण म्हणतील, "सर, माझ्या फोनच्या खोक्यावर तर १०८० लिहिलंय, मग ३६० कसे?" दोन्ही आकडे बरोबर आहेत. खोक्यावरचे १०८० म्हणजे काचेवरचे खरे बारीक ठिपके. ते एवढे बारीक असतात की एका ठिपक्याला एक पिक्सेल धरला तर अक्षरं मुंगीएवढी दिसतील. म्हणून फोन तीन ठिपके मिळून एक पिक्सेल मोजतो. १०८० भागिले ३ बरोबर ३६०. काही फोनवर हाच आकडा ३९३ येतो, काहींवर ४१२. डिझाईन करताना हा हिशोबाचा पिक्सेल धरायचा, खोक्यावरचा नाही.

एकच आकडा का चालत नाही?

पूर्वी चालायचा. एकेकाळी बहुतेक कॉम्प्युटरची स्क्रीन ८०० बाय ६०० असायची. तेव्हा डिझायनर पान ७६० च्या आसपास ठेवायचे, कारण बाजूच्या स्क्रोलपट्टीलाही जागा लागते. मग १०२४ बाय ७६८ आली आणि ९६० हा लाडका आकडा झाला. तो १०२४ मध्ये आरामात बसतो, शिवाय त्याला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १६ अशा किती तरी आकड्यांनी भाग जातो. त्यामुळे रकाने पाडायला सोपं.

२००७ साली आयफोन आला, त्याची रुंदी ३२० धरलेली. तिथून गणित बदललं. सुरुवातीला त्याचा ब्राउझर आपली रुंदी ९८० आहे असं मानून अख्खं पान आक्रसून दाखवायचा. आजही पानात 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ लिहिली नसेल तर असंच होतं. पान पूर्ण दिसतं, पण वाचायला भिंग लागतं. मग २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट या डिझायनरनं एका लेखात 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन' हा शब्द वापरला. म्हणणं सोपं होतं. प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळी वेबसाईट करू नका, एकच पान असं करा की ते जागेप्रमाणे स्वतःला बसवून घेईल.

आपल्या भाषेत सांगतो. लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर भात, भाजी, कोशिंबीर, जिलेबी शेजारी शेजारी वाढतात. तेच जेवण डब्यात भरायचं असेल तर आपण काय करतो? एकावर एक कप्पे लावतो. जेवण तेच, मांडणी बदलली. मोठी स्क्रीन म्हणजे केळीचं पान, मोबाईल म्हणजे डबा. केळीचं पान घडी घालून डब्यात कोंबलं तर काय होईल? ताईंच्या वेबसाईटचं तेच झालं होतं.

मग डिझायनरला काय सांगायचं?

१. सुरुवात ३६० पासून करा. आधी मोबाईलचं डिझाईन, मग मोठ्या स्क्रीनचं. याचा एक मोठा फायदा आहे. जागा कमी असल्यामुळे ग्राहकाला सगळ्यात आधी काय दाखवायचं, हे तुम्हाला ठरवावंच लागतं. वस्तू, भाव, ऑर्डरचं बटण, फोन नंबर. बाकी सगळं खाली.

२. ३२० वरही तपासा. वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत म्हटलंय की ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा सरकवावा न लागता वाचता आला पाहिजे. हे फक्त छोट्या फोनसाठी नाही. १२८० च्या स्क्रीनवर एखाद्या आजोबांनी अक्षरं चौपट मोठी केली की त्यांच्यासाठी रुंदी ३२० च उरते.

३. वरची मर्यादा ठरवा. पान ताणू द्या, पण किती? १९२० च्या मॉनिटरवर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला तर एका ओळीत दोनशेच्या आसपास अक्षरं येतात. ओळ संपवून डोळा परत आला की पुढची ओळ सापडत नाही. त्याच नियमांत ओळीची मर्यादा ८० अक्षरं सुचवली आहे. म्हणून संपूर्ण पानाला ११०० ते १२०० ची कमाल मर्यादा ठेवा आणि सलग वाचायचा मजकूर ७०० च्या आत. लक्षात घ्या, ही 'कमाल' रुंदी आहे, 'पक्की' नाही. याच एका शब्दात ताईंचं नुकसान होतं. पक्की १२०० म्हणजे फोनवरही १२००. कमाल १२०० म्हणजे जागा असेल तर १२००, नसेल तर जेवढी आहे तेवढी.

४. मांडणी कुठं बदलायची ते ठरवा. मोबाईलवर एक रकाना. ७६८ च्या पुढे, म्हणजे साधारण टॅबलेटवर, दोन. ९९२ किंवा १०२४ च्या पुढे तीन-चार. हे आकडे पाठ करू नका, ते फक्त सुरुवातीसाठी आहेत. खरी पद्धत अशी, ब्राउझरची खिडकी हळूहळू लहान करत न्या आणि जिथं पान विस्कटल्यासारखं वाटेल तिथं मांडणी बदला.

५. मराठीचा वेगळा विचार करा. बरीच टेम्प्लेट इंग्रजी धरून बनवलेली असतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. दोन ओळी चिकटल्या की ते एकमेकांत घुसतात. अक्षर १६ ते १८ पिक्सेल आणि ओळीची उंची त्याच्या दीडपटीपेक्षा थोडी जास्त ठेवा. शिवाय इंग्रजीत दोन अक्षरी शब्द बसतो तिथं आपलं 'मागणी नोंदवा' बसेलच असं नाही. बटणावर खरा मराठी मजकूर टाकूनच तपासा.

६. फोटो, भावपत्रक आणि बटण. फोटो त्याच्या रकान्यापेक्षा रुंद होता कामा नये, हे डिझायनरला स्पष्ट सांगा. फोनसाठी १०८० रुंदीचा फोटो पुरेसा आहे, कॅमेऱ्यातला ४००० चा तसाच टाकला तर ग्राहकाचा डेटाही जातो आणि वेळही. पाच रकान्यांचं भावपत्रक मोबाईलवर मोडतंच, तिथं प्रत्येक वस्तूची वेगळी चौकट करा. आणि बटण ४४ ते ४८ पिक्सेल उंच ठेवा, म्हणजे अंगठ्याला सापडेल.

गूगललाही फरक पडतो

तुम्ही म्हणाल, "माझे ग्राहक लॅपटॉपवाले आहेत, कंपन्यांना माल देतो." असू शकतं. वेबसाईट चालू असेल तर गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये तंत्रज्ञानाच्या भागात ग्राहकांच्या स्क्रीनचे आकडे दिसतात. अंदाज करू नका, ते उघडून बघा. पण तरीही मोबाईल सोडू नका. गूगलनं २०१६ मध्ये जाहीर केलं आणि २०२३ पर्यंत तो बदल पुरा केला, आता शोधासाठी ते तुमच्या पानाचं मोबाईलवरचं रूप बघतात. मोबाईलवर जे नाही, ते गूगलच्या लेखीही नाही असं धरून चाला.

शेवटचा हप्ता देण्याआधी

पैसे तुमचे आहेत, तपासणीही तुम्हीच करायची. डिझायनरच्या मॉनिटरवर बघून चेक देऊ नका. एवढं करा:

- घरातला सगळ्यात स्वस्त आणि जुना फोन घ्या, त्यावर वेबसाईट उघडा.
- पान उजवीकडे सरकतंय का बघा. सरकलं तर काम अपुरं आहे.
- फोन आडवा करा. मांडणी टिकते का?
- फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून पुन्हा बघा.
- लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी ओढून लहान-मोठी करा.
- तुमचा धंदा माहीत नसलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि म्हणा, "यावरून एक ऑर्डर दे." तुम्ही गप्प बसा. तो कुठं अडतो ते बघा.

ताईंनी काय केलं? डिझायनरनं दुरुस्तीला चार दिवस लावले. पक्की रुंदी काढून कमाल रुंदी टाकली, रकाने एकाखाली एक आणले, बटण फोटोच्या लगेच खाली घेतलं. ऑर्डर सुरू झाल्या. पण गेलेले आठवडे परत आले नाहीत. भरलेलं सगळं सामान काही खपलं नाही, राहिलेला फराळ त्यांनी ओळखीत कमी भावात दिला. या वर्षी मात्र लिंक शेअर करण्याआधी त्यांनी सासूबाईंच्या हातात फोन दिला. सासूबाईंनी एक किलो चिवडा मागवला, तेव्हा कुठं लिंक बाहेर गेली.

तेव्हा मित्रांनो, डिझायनरनं "रुंदी किती?" विचारलं की एक आकडा सांगू नका. सांगा, "३२० वर मोडू नये, ३६० वर छान दिसावी, १२०० च्या पुढे ताणू नये, आणि ऑर्डरचं बटण कुठल्याही स्क्रीनवर शोधावं लागू नये."

आजचा गृहपाठ एवढाच, हा लेख बंद करा आणि स्वतःची वेबसाईट फोनवर उघडा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.