मार्च महिन्यातील दोन परीक्षा

व्यापारी कुटुंबात मार्च महिना दोन परीक्षा एकदम घेऊन येतो. पेढीवर वर्षअखेरचा ताळेबंद, थकलेल्या उधारीची वसुली, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे हप्ते. तर घरात मुलांच्या शालान्त व वार्षिक परीक्षा. एकाच छताखाली दोन पिढ्या आपापला ताण सोसत असतात आणि एकमेकांजवळ त्याविषयी अवाक्षरही काढत नाहीत. व्रत म्हणून मौन श्रेयस्कर खरे. परंतु काळजी झाकण्यासाठी धरलेले मौन साऱ्या घराला जड जाते.

ताण ही मुळात शरीराची संरक्षक योजना आहे. संकटाची चाहूल लागताच अ‍ॅड्रेनालिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात, लक्ष एकाग्र होते. संकट टळले की शरीर पूर्ववत होते. मात्र काळजी महिनोन्महिने रेंगाळली, तर झोप उडते, पचन बिघडते आणि क्षुल्लक कारणावरून राग उसळतो.

वडील काही बोलले नाहीत, तरी मुलांना ते उमगते. 1970 च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी काही मातांना आपल्या तान्ह्या बाळासमोर थोडा वेळ निर्विकार चेहऱ्याने बसावयास सांगितले. बाळांनी हसून, हात पसरून आईला बोलते करण्याचा प्रयत्न केला. प्रतिसाद मिळेना तेव्हा ती अस्वस्थ झाली व त्यांनी तोंड फिरवले. तान्ह्या बाळाला जे जाणवते, ते दहा वर्षांच्या मुलाला कसे जाणवणार नाही? कारण ठाऊक नसले की मूल ते स्वतःच शोधते. ‘माझे गुण कमी पडले, म्हणूनच बाबा बोलत नाहीत,’ असा निष्कर्ष काढून ते मोकळे होते.

यावर उपाय साधा आहे. ‘यंदा वसुली लांबली आहे, म्हणून काळजी वाटते. मार्ग काढत आहोत. यात तुझा काही दोष नाही,’ एवढे सांगितले तरी पुरते. कर्जाचे आकडे मुलांपुढे मांडण्याचे कारण नाही. ‘हे सारे तुझ्यासाठीच चालले आहे,’ हे वाक्य मात्र टाळावे. त्याने मुलाच्या नावे अशी उधारी मांडली जाते, जी कितीही गुण मिळवले तरी फिटत नाही.

घरातील जुन्या रीतीही येथे साह्यास येतात. 48 मिनिटांचे सामायिक मोबाइलविना शांत बसण्याची सवय लावते. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला आठवड्यातून एकदा तरी सर्वांनी एकत्र बसावे आणि त्या वेळी भाव व गुण हे दोन्ही विषय वर्ज्य ठेवावेत. परीक्षेच्या दिवसांतही किशोरवयीन मुलांना 8 ते 10 तास झोप मिळावी. रागाच्या भरात कठोर शब्द गेला, तर ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणण्यासाठी संवत्सरीची वाट पाहू नये. वडिलांनी मुलाची क्षमा मागितल्याने अधिकार कमी होत नाही.

वारंवार पोट वा डोके दुखणे, भूक मंदावणे, एकलकोंडेपणा ही लक्षणे काही आठवडे टिकली, तर तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. जीव नकोसा झाल्याची भाषा तोंडी आली, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. व्यापारातील तूट पुढच्या हंगामात भरून निघते, हुकलेली परीक्षा पुन्हा देता येते. मुलाच्या मनातील गाठ मात्र वेळीच सोडवावी लागते.