संगणकातल्या चेहऱ्याची वीण

चित्रपटात संगणकावर तयार केलेला एखादा माणूस बोलताना दिसला, की त्याचं डोकं कशाचं केलेलं असतं, असा प्रश्न मुलं विचारतात. ते मातीचं नसतं आणि लाकडाचंही नसतं. ते असतं एक जाळं. कोळ्याचं जाळं घागरीवर घट्ट ताणून बसवावं आणि मग आतली घागर अलगद काढून घ्यावी, तसं. गाठींच्या जागी बिंदू, दोऱ्यांच्या जागी कडा आणि मधल्या भोकांच्या जागी चौकोनी कातडी. आत सगळं पोकळ! या जाळ्याच्या विणीला टोपॉलॉजी म्हणतात, आणि कडा ज्या दिशेने वाहत जातात तिला एज फ्लो. आपण आपलं वीण आणि वळण म्हणू.

पेणचा मूर्तिकार शाडूची मूर्ती घडवतो. नाकडोळे बरोबर उतरले की त्याचं काम झालं. मातीचे कण आत कसे बसले आहेत, याची पंचाईत त्याला नसते, कारण मूर्ती पापणी मिटत नाही की ओठ हलवत नाही. संगणकातलं डोकं मात्र पुढे हसणार, रडणार, बोलणार असतं. हल्ली खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं घरच्या संगणकावर हे काम शिकतात. महिनाभर खपून डोकं तयार होतं, चारी बाजूंनी सुंदर दिसतं. मग त्याला जरा हसवावं, तर गाल चुरगळलेल्या धोतरासारखा गोळा होतो आणि ओठाचा कोपरा आत दुमडतो. मुलगा नाक बदलून पाहतो, गाल फुगवून पाहतो. पण दोष आकारात नसतोच. तो विणीत असतो.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. उताराच्या शेतात तास उतारावरून सरळ खाली काढले, की पहिल्याच पावसात माती वाहून जाते. तेच तास उताराला आडवे, समपातळीत काढले तर पाणी मुरतं. जमीन तीच, तासांची दिशा निराळी. चेहऱ्याचंही असंच आहे. कातडी कुठे ताणली जाणार आणि कुठे दुमडणार, हे आधी ठाऊक हवं. कडा त्याप्रमाणे ओढायच्या.

ते ठरवतात कातडीखालचे स्नायू. डोळ्याभोवती एक कड्यासारखा स्नायू असतो, तो आवळला की डोळा मिटतो. तोंडाभोवती असाच दुसरा. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरके स्नायू येतात. ते कोपरा वर ओढतात, आणि आपण हसलो असं लोक म्हणतात. कपाळाचा स्नायू उभा असतो, आणि कपाळावरच्या आठ्या? त्या आडव्या. म्हणजे स्नायू एका दिशेने ओढतो आणि सुरकुती त्याला काटकोनात पडते. इथे चौकोनाच्या जाळीचा मोठा उपयोग आहे. कापडात जसा ताणा आणि बाणा, तशा या जाळीत कडांच्या दोन दिशा असतात. एक स्नायूच्या वळणाने जाऊ द्यावी, म्हणजे दुसरी आपोआप सुरकुतीच्या वाटेवर येते. त्रिकोणांच्या जाळीत अशी दुहेरी वाट सरळ मिळत नाही. म्हणून जाणते लोक चौकोनांचा आग्रह धरतात.

या विद्येचा आरंभ पुष्कळ जुना आहे. 1972 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क यांनी संगणकावर पहिला हलता चेहरा तयार केला. खऱ्या माणसाच्या तोंडावर रेघा आखून फोटो घेतले आणि त्यांवरून मापं काढली. साऱ्या चेहऱ्याला सुमारे 250 तुकडे! पुढे 1978 साली कॅटमल आणि क्लार्क यांनी अशी रीत दिली, की प्रत्येक चौकोनाचे चार करत गेलं तर खडबडीत जाळी गुळगुळीत होत जाते. 500 चौकोनांचे 2,000, त्यांचे 8,000. पिक्सारच्या 1997 सालच्या ‘गेरीज गेम’ या लघुपटातल्या म्हाताऱ्याचं डोकं याच जातीच्या रीतीने केलेलं आहे. पण ही रीत वीण सुधारत नाही, आहे तीच बारीक करते. मुळात वाकडी असेल तर वाकडेपणा गुळगुळीत होऊन पुढे येतो, एवढंच.

गणिताच्या शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट इथे आहे. सपाट चटईत प्रत्येक गाठीपाशी चार कडा येतात. पण चारी बाजूंनी बंद अशा, चेंडूसारख्या आकारावर केवळ चार-चार कडांच्या गाठी बसवता येतच नाहीत. खोका हातात घ्या. त्याच्या आठही कोपऱ्यांवर तीनच कडा भेटतात. आणि कुठे पाच कडांची एक गाठ आली, की तिची भरपाई म्हणून तीन कडांची आणखी एक गाठ कुठेतरी येतेच. तेव्हा अशा विषम गाठी काढून टाकण्याचा हट्ट फुकट. त्या कुठे ठेवायच्या, एवढंच आपल्या हाती. त्यांच्याजवळ कातडी चिमटल्यासारखी दिसते, म्हणून ओठाचा कोपरा आणि पापणीची कड या जागा टाळाव्यात. त्यांना गालाच्या सपाट भागात किंवा कानामागे बसवावं.

आता काम कुठून सुरू करावं? बहुतेक नवशिके गोल चेंडू घेऊन त्याला नाकडोळे फोडत बसतात, आणि चेंडूची वीण तोंडावर तशीच राहते. त्यापेक्षा आधी दोन डोळ्यांभोवतीची कडी आणि तोंडाभोवतीची कडी घालावी. मग नाकपुडीच्या बाजूने निघून ओठांना वळसा घालत हनुवटीखाली मिळणारं मोठं कडं. हसताना गालावर पडणारी घडी याच वाटेने जाते. ही कडी पक्की झाली, की मधली जागा भरणं सोपं. जिथे घडी पडायची, तिथे निदान तीन कडा शेजारी-शेजारी हव्यात: एक घडीत, दोन तिच्या काठांवर. एकाच कडेवर घडी घातली तर ती कागद मोडल्यासारखी दिसते. डोक्याचा मागचा भाग केसांखाली जातो आणि हलतही नाही. तिथे चौकोन मोठे ठेवावेत, एखादा त्रिकोण राहिला तरी बिघडत नाही.

आधी मातीसारखं घडवून, लाखो तुकड्यांचं डोकं करण्याचीही पद्धत आहे. तीही चांगली, पण त्यावर मोजक्या चौकोनांची नवी जाळी पुन्हा हाताने पांघरावी लागते. हे काम कंटाळवाणं खरं, पण ते चुकवू नये.

परीक्षा आपल्या बाराखडीनेच घ्यावी. ‘आ’ म्हणताना जबडा खाली जातो, ‘ई’ला कोपरे ताणतात, ‘ऊ’ला ओठांचा चंबू होतो. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं. त्यांना दोन्ही ओठ पुरते मिटले पाहिजेत. कर्णबधिर मुलांसाठी कुणा शिक्षकाने बोलता चेहरा करायचं मनात घेतलं, तर ही परीक्षा फारच कडक होते. ती मुलं ओठ वाचतात. ‘मामा’ म्हणताना ओठांत फट राहिली, तर त्यांच्या लेखी तो शब्द उच्चारलाच गेला नाही.

ब्लेंडर नावाची आज्ञावली या कामाला पुरते आणि ती विनामूल्य मिळते. तिच्यात अर्धंच डोकं करून आरशाप्रमाणे दुसरं अर्धं उमटवता येतं. निम्मे श्रम वाचतात. मात्र कुणाचाही चेहरा डावीकडे-उजवीकडे तंतोतंत सारखा नसतो. तेव्हा बाराखडीची परीक्षा उतरली की आरसा काढून टाकावा, कडांना हात न लावता एखादी भुवई किंचित वर आणि एक गाल थोडा खाली सरकवावा, आणि पुन्हा एकदा ‘प’पासून ‘म’पर्यंत म्हणवून पाहावं.